एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क: डोमेनच्या ईमेल-नोंदी एपीआयद्वारे कशा लावाव्यात

ईमेल पाठवण्याची जी पद्धत आजही वापरात आहे, तिचा पाया जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या आरएफसी ८२१ या दस्तऐवजाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती मांडणाऱ्या दस्तऐवजांची मालिका) घातला. एसएमटीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पद्धतीत पाठवणाऱ्या सर्व्हरने आपला पत्ता सांगायचा आणि घेणाऱ्या सर्व्हरने तो मानून घ्यायचा, एवढाच व्यवहार होता. सांगितलेला पत्ता खरोखर त्याचाच आहे का, हे तपासण्याची काहीही सोय त्यात नव्हती. ही उणीव पुढे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, तीन टप्प्यांत भरून काढली. एसपीएफचे आजचे रूप २०१४ च्या आरएफसी ७२०८ मध्ये आहे, डीकिमचे २०११ च्या आरएफसी ६३७६ मध्ये आणि डीमार्कचे वर्णन २०१५ च्या आरएफसी ७४८९ मध्ये आले. या तिन्हींमध्ये एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे डोमेनच्या मालकाने आपले म्हणणे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, लिहून ठेवायचे आणि ईमेल स्वीकारणाऱ्याने ते तिथून वाचायचे.

बरीच वर्षे या नोंदी लावणे ऐच्छिक होते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी बंधनकारक केल्या. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला सुमारे ५,००० किंवा अधिक ईमेल पाठवणारा गुगलच्या लेखी मोठा पाठवणारा ठरतो. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या ग्राहक-खात्यांसाठी याच धर्तीचा नियम लागू केला. एकच डोमेन असेल तर डीएनएसच्या पानावर जाऊन तीन ओळी हाताने भरता येतात. परंतु ज्यांच्याकडे शेकडो डोमेन आहेत, किंवा जे आपल्या ग्राहकांच्या वतीने ग्राहकांच्याच डोमेनवरून ईमेल पाठवतात, त्यांना हे काम प्रोग्रामकडून, म्हणजेच एपीआयद्वारे (प्रोग्रामने एखाद्या सेवेला थेट विनंती करण्याच्या सोयीद्वारे) करून घ्यावे लागते. एपीआयला केलेली विनंती यशस्वी झाल्याचे उत्तर येणे आणि डोमेनचे ईमेल जगाच्या दृष्टीने प्रमाणित ठरणे या दोन गोष्टींमध्ये बरेच अंतर आहे. त्या अंतरात काय काय घडते, हे नीट समजले तरच असा प्रोग्राम विश्वासाने चालवता येतो.

तीन नोंदी कोणत्या प्रश्नांची उत्तरे देतात

प्रत्येक ईमेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. टपालाच्या पाकिटावर एक पत्ता असावा आणि आतल्या पत्राच्या माथ्यावर दुसरा, तसा हा प्रकार आहे. सर्व्हर आपसात बोलताना जो पत्ता वापरतात आणि पोहोचू न शकलेले ईमेल जिथे परत येते, तो पाकिटावरचा पत्ता. वाचणाऱ्याला पडद्यावर ‘फ्रॉम’ या जागी दिसतो तो पत्रातला. हे दोन्ही पत्ते एकाच डोमेनचे असावेत असा कोणताही नियम एसएमटीपीमध्ये नाही, आणि पुढची बहुतेक गुंतागुंत याच मोकळीकीतून निर्माण होते.

एसपीएफ केवळ पाकिटावरच्या पत्त्याकडे पाहते. त्या डोमेनच्या नावाने ईमेल पाठवण्याची मुभा कोणत्या आयपी पत्त्यांना आहे, याची यादी एका टीएक्सटी नोंदीत (साधा मजकूर ठेवणाऱ्या डीएनएस नोंदीत) लिहिलेली असते. या यादीत थेट आयपी पत्ते देता येतात, किंवा ‘इन्क्लुड’ लिहून दुसऱ्या डोमेनची यादी तपासायला सांगता येते. शेवटी ‘ऑल’ हा शब्द येतो आणि त्याच्या आधीचे चिन्ह उरलेल्या सर्वांचे काय करायचे ते ठरवते: वजा चिन्ह म्हणजे स्पष्ट नकार, तर नागमोडी चिन्ह म्हणजे सौम्य नकार. तिथे अधिक चिन्ह घातले तर जगातल्या प्रत्येक सर्व्हरला त्या डोमेनच्या नावाने पाठवण्याची परवानगी मिळते, म्हणून ते कधीही घालू नये.

डीकिम ईमेलला डिजिटल स्वाक्षरी जोडते. पाठवणारा सर्व्हर आपल्याजवळच्या खासगी किल्लीने मजकुरावर आणि निवडक शीर्षओळींवर स्वाक्षरी करतो. तिच्याशी जुळणारी सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. ही किल्ली कोणत्या नावाखाली सापडेल हे ‘सिलेक्टर’ ठरवतो. आधी सिलेक्टर, मग टिंब, मग अंडरस्कोअरने सुरू होणारा ‘डोमेनकी’ हा शब्द, पुन्हा टिंब आणि शेवटी डोमेन, अशी त्या नावाची रचना असते. एका डोमेनवर कितीही सिलेक्टर असू शकतात, त्यामुळे वेगवेगळ्या सेवा एकमेकींच्या वाटेत न येता आपापल्या किल्ल्या ठेवू शकतात. ईमेल कोणी पुढे धाडले तर ते वेगळ्याच सर्व्हरवरून जात असल्यामुळे एसपीएफ बहुधा मोडते. वाटेत मजकूर बदललेला नसेल तर डीकिमची स्वाक्षरी मात्र टिकते. डीकिमला या तिन्हींचा कणा मानावे असे मला वाटते, ते या टिकाऊपणामुळेच.

डीमार्क या दोन्ही तपासण्यांचा संबंध वाचणाऱ्याला दिसणाऱ्या ‘फ्रॉम’ पत्त्याशी लावते. एसपीएफ किंवा डीकिम यांपैकी निदान एक तपासणी उत्तीर्ण झालेली असली पाहिजे, आणि ज्या डोमेनसाठी ती उत्तीर्ण झाली ते डोमेन ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळले पाहिजे. या जुळणीला अलाइनमेंट म्हणतात. शिथिल अलाइनमेंटमध्ये मूळ डोमेन एकच असेल आणि उपडोमेन वेगळे असेल तरी चालते. काटेकोर अलाइनमेंटमध्ये संपूर्ण नाव तेच लागते. जुळणी झाली नाही तर काय करावे, हे सांगणारे धोरण तीन प्रकारचे असते: ‘नन’ म्हणजे फक्त नोंद घ्या, ‘क्वारंटाइन’ म्हणजे संशयित म्हणून बाजूला टाका, आणि ‘रिजेक्ट’ म्हणजे स्वीकारूच नका.

दोन एपीआय आणि त्यांच्यामधला प्रोग्राम

या कामात किमान दोन एपीआय गुंतलेले असतात. पहिला ईमेल पाठवणाऱ्या सेवेचा. त्याला डोमेनचे नाव दिले की कोणत्या नावाखाली, कोणत्या प्रकारची, कोणत्या मूल्याची नोंद करायची, याची यादी तो जेसन या प्रोग्रामना सहज वाचता येणाऱ्या स्वरूपात परत देतो. ॲमेझॉनची एसईएस सेवा, उदाहरणार्थ, नेहमीच्या पद्धतीत डीकिमसाठी तीन सीनेम नोंदी (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या) मागते. दुसरा एपीआय डीएनएस सांभाळणाऱ्याचा, ज्याच्यामार्फत या नोंदी प्रत्यक्ष लिहिल्या जातात. मधला प्रोग्राम आपला. एका ठिकाणाहून मूल्ये घेऊन दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी लिहायची, असे त्याचे काम वरवर वाटते. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग वाचण्याचा आणि तपासण्याचा असला पाहिजे.

लिहिण्यापूर्वीची पहिली तपासणी अगदी साधी असूनही पुष्कळदा राहून जाते. डीएनएस पुरवठादाराच्या खात्यात त्या डोमेनचा झोन (त्याच्या सर्व नोंदींची वही) दिसतो, याचा अर्थ जग त्याच झोनकडे पाहते असा होत नाही. डोमेन पूर्वी त्या पुरवठादाराकडे असेल आणि नंतर त्याचे नेमसर्व्हर (त्याच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) दुसरीकडे वळवले गेले असतील, तर जुना झोन तिथे तसाच पडून राहू शकतो. त्यात केलेले प्रत्येक लेखन एपीआय आनंदाने स्वीकारतो आणि यशाचे उत्तर देतो, पण ती नोंद बाहेर कोणालाही दिसत नाही. म्हणून आधी डोमेनचे एनएस मूल्य, म्हणजे त्याच्या नेमसर्व्हरांची नावे, सार्वजनिक डीएनएसमधून विचारावे आणि आपण ज्या झोनमध्ये लिहिणार आहोत त्याचे नेमसर्व्हर तेच आहेत ना, हे ताडून पाहावे. ते जुळत नसतील तर तिथेच थांबून वापरकर्त्याला तसे सांगावे.

झोन शोधतानाही एक चूक सहज होते. नावाचे शेवटचे दोन भाग घेतले की मूळ डोमेन मिळते, हे गृहीतक ‘डॉट कॉम’साठी बरोबर असले तरी ‘डॉट को डॉट यूके’सारख्या प्रत्ययांना लागू पडत नाही. याशिवाय एखादे उपडोमेन स्वतंत्र झोन म्हणून वेगळ्या लोकांच्या हाती सोपवलेलेही असू शकते. खात्यातल्या झोनची यादी घेऊन आपल्या नावाशी शेवटाकडून सर्वांत लांब जुळणारा झोन निवडणे हा त्यावरचा भरवशाचा मार्ग आहे.

मुळाशी असलेली टीएक्सटी नोंद: इथे सर्वाधिक सांभाळावे लागते

डीकिम आणि डीमार्क यांच्या नोंदी स्वतःच्या वेगळ्या नावांखाली राहतात. एसपीएफची नोंद मात्र थेट डोमेनच्या नावावर असते, आणि त्याच नावावर इतर अनेक टीएक्सटी नोंदीही असतात: शोधयंत्राला मालकी पटवून देणाऱ्या, एखाद्या कार्यालयीन सेवेने मागितलेल्या, कधीकाळी कोणीतरी काही कारणाने घातलेल्या. ही सामायिक जागा आहे. तिथे लिहिणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या वस्तूंमध्ये हात घालत असतो, याची जाणीव त्याच्या रचनेतच असायला हवी.

डीएनएसच्या दृष्टीने एकाच नावाच्या आणि एकाच प्रकारच्या सर्व नोंदी मिळून एक संच होतो. काही एपीआय प्रत्येक नोंदीला वेगळा क्रमांक देतात. क्लाउडफ्लेअर या डीएनएस पुरवठादाराचा एपीआय या प्रकारचा आहे, आणि त्यात एक नोंद बदलली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. काही एपीआय मात्र संपूर्ण संचावरच काम करतात. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत ‘अपसर्ट’ ही क्रिया दिलेल्या संचाने जुना संच पूर्णपणे बदलून टाकते. म्हणजे मूळ डोमेनच्या टीएक्सटी संचावर केवळ आपली एसपीएफची ओळ देऊन अपसर्ट केले, तर मालकी पटवणाऱ्या बाकी सगळ्या ओळी त्याच क्षणी नाहीशा होतात. याहून पुढे जाऊन, एका विनंतीत अख्ख्या झोनच्या सर्व नोंदी द्याव्या लागतात आणि न दिलेल्या पुसल्या जातात, असेही काही पुरवठादारांचे एपीआय आहेत. त्यामुळे नवा पुरवठादार जोडताना त्याच्या दस्तऐवजात सर्वांत आधी शोधायचा प्रश्न हा: इथे ‘बदला’ म्हणजे नक्की किती बदलते?

एसपीएफच्या बाबतीत आणखी एक कठोर नियम आहे. एका नावावर एसपीएफची एकच नोंद असली पाहिजे. दोन सापडल्या तर त्यांची बेरीज होत नाही. घेणारा सर्व्हर कायमस्वरूपी त्रुटी नोंदवतो आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून ‘आमची एसपीएफ नोंद जोडा’ असे सांगणारा प्रोग्राम, आधीची नोंद न पाहता नवी घालणारा असेल, तर व्यवस्थित चाललेले ईमेल बिघडवून ठेवतो. योग्य क्रम असा: संच वाचावा, त्यातली एसपीएफच्या आवृत्तीने सुरू होणारी ओळ ओळखावी, आपले इन्क्लुड त्यात आधीच आहे का ते पाहावे, नसल्यास ते ‘ऑल’च्या आधी घालावे, आणि बाकी संच अक्षरशः होता तसाच ठेवून लिहावे. ‘ऑल’च्या पुढे घातलेले काहीही वाचले जात नाही, कारण तपासणी डावीकडून उजवीकडे होते आणि ‘ऑल’ सर्वांना लागू पडते. त्या शब्दाआधीचे चिन्ह मालकाने विचारपूर्वक ठरवलेले असते. ते आपल्या सोयीसाठी बदलू नये.

यापुढची मर्यादा मोजणीची आहे. एसपीएफ तपासताना घेणाऱ्याने जास्तीत जास्त १० डीएनएस शोध घ्यावेत, असा नियम आहे. इन्क्लुड, ए, एमएक्स, पीटीआर, एक्झिस्ट्स आणि रीडायरेक्ट हे घटक त्यात मोजले जातात. थेट दिलेले आयपी पत्ते आणि ‘ऑल’ मोजले जात नाहीत. अडचण अशी की इन्क्लुड केलेल्या यादीच्या आत पुन्हा इन्क्लुड असतात आणि तेही याच दहांत धरले जातात, त्यामुळे वरवर चार इन्क्लुड दिसणारी नोंद आतून मर्यादा ओलांडून गेलेली असू शकते. शिवाय काहीच उत्तर न देणारे शोध दोनपेक्षा अधिक होऊ नयेत, अशी शिफारसही त्याच दस्तऐवजात आहे. आपल्या इन्क्लुडमुळे बेरीज दहाच्या वर जाणार असेल, तर लिहिण्याआधीच प्रोग्रामने ते मोजून थांबायला हवे. इन्क्लुडच्या जागी त्यातले सर्व आयपी पत्ते काढून थेट लिहिण्याचा उपाय काही जण करतात. त्याने मोजणी आटोक्यात येते खरी, परंतु मूळ सेवेने आपले आयपी बदलले की ही प्रत शिळी होते, म्हणून ती सतत ताजी ठेवणारी यंत्रणा नसेल तर त्या वाटेला न गेलेले बरे.

माझ्या मते, शक्य असेल तिथे मूळ डोमेनच्या एसपीएफ नोंदीला हातच लावू नये. एसपीएफ पाकिटावरच्या पत्त्याकडे पाहते, हे वर आले आहे. बहुतेक ईमेल सेवा तो पत्ता ग्राहकाच्या एखाद्या उपडोमेनवर ठेवण्याची सोय देतात. परत येणाऱ्या ईमेलसाठी असे स्वतंत्र उपडोमेन घेतले, की एसपीएफची नोंद त्याच उपडोमेनवर, एकटी आणि सुटसुटीत राहते. शिथिल अलाइनमेंटमध्ये ती मूळ डोमेनशी जुळतेही. सामायिक जागेत लिहिण्याची वेळ येत नाही आणि दहा शोधांची चिंताही मिटते. अनेक सेवांची मदतपाने अजूनही मूळ डोमेनमध्ये इन्क्लुड घालायला सांगतात, तेव्हा आपल्या सेवेचा पाकिटावरचा पत्ता नेमका कोणत्या डोमेनचा असतो, हे पाठवलेल्या एखाद्या ईमेलच्या ‘रिटर्न-पाथ’ या शीर्षओळीत पाहून घ्यावे. तिथे सेवेचे स्वतःचे डोमेन दिसत असेल, तर मूळ डोमेनमध्ये घातलेल्या त्या इन्क्लुडचा काही उपयोगच होत नसतो.

डीकिमची किल्ली लिहिताना

आरएफसी ८३०१ नुसार आरएसए किल्ली किमान १०२४ बिटांची असणे सक्तीचे आहे आणि २०४८ बिटांची असावी अशी शिफारस आहे. २०४८ बिटांची सार्वजनिक किल्ली बेस६४ रूपात सुमारे ३९२ अक्षरांची होते, तर टीएक्सटी नोंदीतल्या एका अक्षरमालेची कमाल लांबी २५५ असते. म्हणून मोठी किल्ली दोन किंवा अधिक तुकड्यांत लिहावी लागते. वाचणारा ते तुकडे मध्ये रिकामी जागा न घालता जोडून घेतो. काही एपीआय ही विभागणी आपण होऊन करतात, तर काहींना प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत घालून द्यावा लागतो. विभागणी न करता पाठवले तर विनंती नाकारली जाते, हे त्यातल्या त्यात बरे. मूल्य मधूनच तोडून साठवले गेले तर मात्र किल्ली दिसते आणि स्वाक्षरी जुळत नाही. लिहिलेले मूल्य परत वाचून, तुकडे जोडून, मूळ किल्लीशी अक्षराला अक्षर ताडून पाहणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे.

सेवा सीनेम नोंदी मागत असेल तर हा लांबीचा प्रश्नच येत नाही, कारण किल्ली सेवेच्या स्वतःच्या डोमेनवर असते आणि आपली नोंद केवळ तिकडे बोट दाखवते. किल्ली बदलण्याचे कामही मग सेवा परस्पर करू शकते, त्यामुळे दोन्ही पर्याय असतील तर सीनेम निवडावे. सीनेम ज्या नावावर असते तिथे दुसरी कोणतीही सामान्य नोंद राहू शकत नाही, म्हणून जुनी टीएक्सटी नोंद आधी काढावी लागते. क्लाउडफ्लेअरसारख्या ठिकाणी ही नोंद प्रॉक्सीखाली (मध्यस्थ सर्व्हरमागे) न ठेवता केवळ डीएनएसपुरती ठेवावी. प्रॉक्सी सुरू राहिली तर बाहेर सीनेमऐवजी प्रॉक्सीचे आयपी पत्ते दिसतात आणि पडताळणी होत नाही.

नावांच्या बाबतीत प्रत्येक एपीआयची रीत वेगळी आहे. काहींना पूर्ण नाव लागते, तर काही दिलेल्या नावापुढे झोनचे नाव स्वतःहून जोडतात. दुसऱ्या प्रकारात पूर्ण नाव दिले तर डोमेन दोनदा जोडलेली नोंद तयार होते, जी कोणतीही तक्रार न करता साठवली जाते आणि कधीच सापडत नाही. प्रोग्रामच्या आत नेहमी पूर्ण नावच वापरावे आणि शेवटच्या क्षणी, त्या त्या पुरवठादारासाठी लिहिलेल्या भागात, त्याच्या रीतीप्रमाणे रूपांतर करावे, असे केल्यास हा घोळ एकाच जागी बांधून ठेवता येतो.

किल्ली स्वतः बदलायची असेल तर नवा सिलेक्टर घेऊन नवी किल्ली प्रकाशित करावी, ती सर्वत्र दिसू लागल्यावर स्वाक्षरी तिच्याने सुरू करावी, आणि जुनी किल्ली आणखी काही दिवस तशीच ठेवावी, कारण जुन्या स्वाक्षरीची ईमेल अजून वाटेत किंवा रांगेत असू शकतात. नंतर जुन्या नोंदीतले किल्लीचे मूल्य रिकामे करावे. रिकामे मूल्य म्हणजे ही किल्ली रद्द झाली, असा अर्थ प्रमाणातच ठरवून दिलेला आहे.

डीमार्क: प्रोग्रामने मर्यादा ओळखून वागण्याची जागा

डीमार्कची नोंद लिहिणे तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपे आहे. अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या ‘डीमार्क’ या नावाखाली एक टीएक्सटी ओळ, एवढेच. परिणामांच्या दृष्टीने मात्र तीच सर्वांत मोठी आहे, कारण ती एखाद्या सेवेपुरती मर्यादित नसते. त्या डोमेनच्या नावाने जाणाऱ्या एकूण एक ईमेलला, आणि वेगळे सांगितले नसेल तर उपडोमेनच्या ईमेललाही, ती लागू होते. बिले पाठवणारी प्रणाली, भरती विभागाचे साधन, एखाद्या कोपऱ्यातला छपाईयंत्राचा सूचना देणारा पत्ता, या सगळ्यांचा विचार आपल्या प्रोग्रामने केलेला नसतो.

म्हणून आधीची डीमार्क नोंद सापडली तर प्रोग्रामने ती कधीही बदलू नये, असे मी ठामपणे म्हणेन. मालकाने ‘रिजेक्ट’ ठेवलेले असताना सेवेच्या नमुन्यातले ‘नन’ त्यावर लिहिणे म्हणजे त्याने विचारपूर्वक उभारलेले संरक्षण परस्पर काढून घेणे होय. एसपीएफप्रमाणेच इथेही एका नावावर एकच नोंद चालते. दोन असल्या तर डीमार्क लागूच होत नाही, त्यामुळे शेजारी दुसरी घालण्याचा मार्गही बंद आहे. नोंद नसेल तर ‘नन’ने सुरुवात करावी आणि अहवाल मागवण्यासाठी ‘आरयूए’ या खुणेत पत्ता द्यावा.

या अहवालांचे मोल फार मोठे आहे. ईमेल स्वीकारणाऱ्या मोठ्या सेवा, साधारणपणे दिवसातून एकदा, एक्सएमएल स्वरूपातला एकत्रित अहवाल त्या पत्त्यावर धाडतात. कोणत्या आयपी पत्त्यावरून त्या डोमेनच्या नावाने किती ईमेल आले, एसपीएफ आणि डीकिमचे निकाल काय लागले आणि अलाइनमेंट जुळली की नाही, हे त्यात असते. डोमेनच्या मालकालाही माहीत नसलेले वैध पाठवणारे यातूनच समजतात. ते एकेक करून व्यवस्थित झाले, की मगच धोरण ‘क्वारंटाइन’ आणि त्यानंतर ‘रिजेक्ट’ करावे, आणि तो निर्णय माणसाने घ्यावा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनवर ‘रिजेक्ट’ लावले, तेव्हा चर्चागटांच्या ईमेल-याद्यांमधून जाणारी याहू वापरकर्त्यांची असंख्य ईमेल नाकारली गेली. या याद्या मजकुरात आणि शीर्षकात बदल करत असल्यामुळे स्वाक्षरी मोडत होती आणि सर्व्हर वेगळा असल्यामुळे एसपीएफही जुळत नव्हते. यादी चालवणाऱ्यांना त्यानंतर ‘फ्रॉम’ पत्ताच बदलून लिहिण्यासारखे उपाय करावे लागले.

अहवाल वेगळ्याच डोमेनवर मागवायचे असतील, तर ते घेणाऱ्या डोमेनलाही आपल्या डीएनएसमध्ये तशी संमती नोंदवावी लागते. तिच्या नावात पाठवणारे डोमेन, मग अंडरस्कोअरसह ‘रिपोर्ट’ आणि ‘डीमार्क’ हे शब्द आणि शेवटी घेणारे डोमेन येते. ही नोंद नसेल तर नियम पाळणारे सर्व्हर अहवाल पाठवतच नाहीत, आणि अहवाल का येत नाहीत हे शोधण्यात बराच वेळ जातो.

लिहून झाल्यानंतर

नोंद लिहिल्याचे उत्तर आले, की लगेच कोणत्याही सार्वजनिक रिझॉल्व्हरला (इतरांच्या वतीने डीएनएसमधली उत्तरे शोधून देणाऱ्या सर्व्हरला) विचारून तपासण्याचा मोह होतो. त्यात एक अडचण आहे. नाव अस्तित्वात नाही हे उत्तरही डीएनएसमध्ये साठवून ठेवले जाते, आणि किती वेळ ठेवायचे हे झोनच्या एसओए नोंदीवरून (झोनची मूलभूत माहिती देणाऱ्या नोंदीवरून) ठरते. नोंद दिसू लागण्याच्या क्षणभर आधी विचारले, तर तो रिझॉल्व्हर पुढे कित्येक मिनिटे, कधी त्याहूनही अधिक काळ, ‘नाही’ असेच सांगत राहतो. म्हणून पहिली तपासणी त्या झोनच्या अधिकृत नेमसर्व्हरांना थेट विचारून करावी, आणि तीही त्या सर्वांना विचारून. सर्वांकडून अपेक्षित मूल्य मिळाल्यावर मगच ईमेल सेवेच्या एपीआयला पडताळणी करायला सांगावे. रूट ५३ सारख्या ठिकाणी बदलाची स्थिती आधी ‘पेंडिंग’ आणि मग ‘इनसिंक’ अशी कळते, तिचाही उपयोग करावा. ॲमेझॉन एसईएस पडताळणीसाठी ७२ तासांपर्यंत वाट पाहते, यावरून प्रोग्रामने किती काळ धीर धरायला हवा याचा अंदाज येतो. दर काही सेकंदांनी विचारत राहण्यापेक्षा वाढत्या अंतराने विचारणे योग्य.

आधीच्या मूल्याचा टीटीएल (उत्तर साठवून ठेवण्याचा कालावधी) मोठा असेल तर जुने उत्तर तितका वेळ जगभर टिकून राहते. नियोजित बदल असल्यास टीटीएल आदल्या दिवशी कमी करून ठेवल्याने हे सुसह्य होते.

विनंत्यांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्या लागतात. रूट ५३ एका खात्याला सेकंदाला ५ विनंत्यांची मुभा देते. क्लाउडफ्लेअरची सर्वसाधारण मर्यादा पाच मिनिटांत १,२०० विनंत्यांची आहे. मर्यादा ओलांडली की क्लाउडफ्लेअरकडून ४२९ हे त्रुटीचे उत्तर येते, रूट ५३ कडून ‘थ्रॉटलिंग’ असे सांगणारे ४०० येते, आणि थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. उत्तर येण्याआधीच जोडणी तुटली, तर नोंद झाली की नाही हे कळत नाही; अशा वेळी आंधळेपणाने पुन्हा लिहिण्याऐवजी आधी वाचावे. काही एपीआय तीच नोंद दुसऱ्यांदा घेत नाहीत, काही मात्र जुळी नोंद करून ठेवतात, आणि एसपीएफच्या बाबतीत जुळ्या नोंदीचा अर्थ काय होतो ते वर आलेच आहे.

ज्याच्या हाती डीएनएसमध्ये लिहिण्याचे टोकन (एपीआयची परवानगी देणारी गुप्त खूण) आहे, तो त्या डोमेनची येणारी ईमेल दुसरीकडे वळवू शकतो, त्या डोमेनच्या नावाने वैध स्वाक्षरीची ईमेल पाठवू शकतो आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्रही मिळवू शकतो. त्यामुळे टोकनला केवळ त्या झोनच्या नोंदी बदलण्यापुरताच अधिकार द्यावा, संपूर्ण खात्याचा कधीही देऊ नये. प्रत्येक बदलाआधीचा संच जसाच्या तसा जपून ठेवावा, म्हणजे चूक झाल्यास मागे जाता येते आणि कोणी, केव्हा, काय बदलले याचा पुरावाही राहतो.

नोंदी काढण्याकडे मात्र जवळपास कोणीच लक्ष देत नाही. ग्राहकाने सेवा सोडली तरी त्याच्या डोमेनवरची इन्क्लुड आणि सीनेम तशीच राहतात, आणि ज्या डोमेनकडे ती बोट दाखवतात ते कधी मुदत संपून मोकळे झाले, तर ते विकत घेणाऱ्याला फुकटात दुसऱ्याच्या नावाने पाठवण्याचा अधिकार मिळतो. गार्डिओ लॅब्ज या संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडकीस आणलेल्या मोहिमेत नेमके हेच घडले होते. ८,००० हून अधिक डोमेन, त्यांत नामांकित संस्थांचीही, अशा पडीक नोंदींच्या आधारे वापरली गेली आणि ती ईमेल सर्व तपासण्या व्यवस्थित उत्तीर्ण होत होती. ज्या प्रोग्रामला नोंदी लावता येतात, त्याला आपणच लावलेल्या नोंदी ओळखून काढताही आल्या पाहिजेत. हा भाग पहिल्या दिवशीच लिहावा, कारण कोणती नोंद आपली आणि कोणती मालकाची, हे नंतर सांगता येत नाही.

ज्या डोमेनवरून ईमेल पाठवलेच जात नाही, त्यांच्यासाठीही हाच प्रोग्राम उपयोगी पडतो. अशा डोमेनवर केवळ नकार असलेली एसपीएफ नोंद, ‘रिजेक्ट’ धोरणाची डीमार्क नोंद, आणि ते ईमेल स्वीकारतही नसेल तर आरएफसी ७५०५ मध्ये सांगितलेली रिकामी एमएक्स नोंद (एमएक्स म्हणजे येणारे ईमेल कुठे पोहोचवायचे ते सांगणारी नोंद) लावावी. इथे वाट पाहण्यासारखे काही नसल्याने ‘नन’पासून सुरुवात करण्याचीही गरज नाही.